पाव गोळी

यमुनाबाई रणपिसे यांच्या घरात औषध तळहातावर पडले की थेट तोंडात जात असे. सर्दी असो, ताप असो, नातीची परीक्षेच्या आदल्या दिवशीची पोटदुखी असो. गोळी यमुनाबाईंच्या हातून यायची आणि त्यांच्या देखत गिळायची, ही त्या घरची रीत होती. म्हणून फेब्रुवारीत त्यांच्या एकुलत्या सुनेच्या, कल्याणीच्या, हृदयातली झडप बदलली गेली आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभरासाठी मागे लागली, तेव्हा ती पाकिटे कोणाच्या कपाटात राहतील याची साधी चर्चासुद्धा झाली नाही.

यमुनाबाईंनी वजनमापे खात्यात बत्तीस वर्षे निरीक्षक म्हणून काम केले होते. खडकीच्या कारखान्यातल्या कामगाराची ही मुलगी सरकारी शिक्का घेऊन कसबा पेठेच्या बोळांतून चालू लागली, की दुकानादुकानांतले तराजू आपोआप सरळ होत, असे त्यांचे सहकारी सांगत. आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. "बाई, जरा सांभाळून घ्या," असे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांचे ठरलेले उत्तर असे, "माणसाला सांभाळते मी. काट्याला नाही." कोणत्या वजनात किती फरक चालेल हे कायद्याने बांधून दिलेले असते. त्या मर्यादेच्या आत असेल ते खरे, बाहेर असेल ते खोटे. तिसरा रकाना त्यांनी कधी मानला नाही. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षीही विश्रांतवाडीच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दुधाच्या पातेल्यापासून मुलाच्या बदलीच्या अर्जापर्यंत सगळे त्यांच्या नजरेखालून जात असे.

सुनेचे कौतुक त्यांनी कधी तोंडावर केले नव्हते. त्यांचे यजमान बाबुराव अंथरुणाला खिळले, तेव्हा कल्याणीने सात महिने सासऱ्याचे सगळे केले, लघवीचे भांडेही उचलले, आणि नंतर त्याचा कधी उच्चार केला नाही. यमुनाबाईंनीही केला नाही. कर्तव्याचे कौतुक करणे म्हणजे त्याची किंमत करणे, असे त्यांचे मत होते. पण शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत त्या हॉस्पिटलच्या बाकावर पाण्याचा थेंबही न घेता बसल्या होत्या, हे त्यांच्या मुलाने, अभयने, पाहिले होते.

नवी झडप धातूची होती. खोली शांत असली की कल्याणीच्या छातीतून बारीक टकटक ऐकू येई. बारावीतल्या चैतालीला त्याची मोठी गंमत वाटे. "मम्मी, तू मागून येऊन मला पकडूच शकत नाहीस. आधी तुझं घड्याळ येतं, मग तू," असे ती म्हणे, आणि सगळी हसत. यमुनाबाईसुद्धा.

एप्रिलमध्ये एकदा कल्याणीच्या नाकातून रक्त येऊ लागले आणि अर्धा तास थांबेना. तपासणी केली, तेव्हा आयएनआरचा आकडा निघाला चार पूर्णांक आठ. रक्त गोठायला किती वेळ घेते, त्याचे ते माप. अभयने डॉक्टर हेमा आगाशे यांना फोन लावला.

"वाढलाय. पाव गोळी कमी करा आणि चार दिवसांनी परत तपासा," डॉक्टर म्हणाल्या.

पाव गोळी कमी केली आणि आकडा खाली आला. यमुनाबाई शेजारच्या खुर्चीवर बसून हे सगळे ऐकत होत्या, पाहत होत्या, आणि त्यांना ते मनोमन पटले. काटा चढला की वजन काढायचे. यात न कळण्यासारखे काय आहे?

जूनच्या सुरुवातीला अभयला पाटबंधारे खात्याच्या कामासाठी दोन महिने कोल्हापूरला जावे लागले. निघताना त्याने आईला बजावले, "दर दहा दिवसांनी लॅबवाला घरी येऊन रक्त नेईल. रिपोर्ट आला की त्याचा फोटो काढून डॉक्टरांच्या नंबरवर टाकायचा. चैताली टाकेल."

"तू जन्मायच्या आधीपासून मी रिपोर्ट वाचते आहे, अभय."

"वाचतेस गं. पण पाठव."

"बस चुकेल तुझी."

पहिला रिपोर्ट अकरा जूनला आला. फोनवरच्या कागदाला कागद म्हणायला यमुनाबाई तयार नव्हत्या, म्हणून लॅबवाल्याला त्यांनी छापील प्रत आणून द्यायला लावली होती. आकडा होता २.९. त्याच्यापुढे ठळक इंग्रजी एच, म्हणजे जास्त. आणि शेवटच्या रकान्यात लिहिले होते: संदर्भ मर्यादा ०.९ ते १.१.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचले. वरच्या मर्यादेच्या अडीचपट! एखाद्या किराणा दुकानात असा फरक सापडला असता, तर त्यांनी तिथल्या तिथे तराजू जप्त केला असता. त्याच दिवशी दुपारी भाजी निवडताना कल्याणीच्या दंडावर रुपयाएवढा काळानिळा डाग त्यांना दिसला होता. "कशाने गं?" असे विचारले, तर "कळलंच नाही, आई," असे ती म्हणाली होती. एप्रिलमधला रक्ताने भिजलेला टॉवेल त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या घाबरल्या, पण घाबरणे हा त्यांच्या घरात कामाचा भाग नव्हता. त्यांनी कपाट उघडले, ब्लेड काढले आणि दीड गोळीची सव्वा केली.

"आजी, रिपोर्ट पाठवू का डॉक्टरांना?" चैतालीने विचारले.

"तू रसायनशास्त्र कर. मला करता येतं ते मी करते."

संध्याकाळी गोळी हातावर घेताना कल्याणीने ती क्षणभर पाहिली. "आई, आज सव्वाच?"

"रिपोर्ट बघून दिली आहे."

कल्याणीने पाण्याचा घोट घेतला. डॉक्टरांशी बोलणे झाले असणार, असे ती धरून चालली. आणि त्या घरात दुसरे काही धरून चालण्याची कोणाला सवयही नव्हती.

पुढचा रिपोर्ट २.२ आला. सव्वाची एक झाली. त्याच्या पुढचा आला १.६. एकाची पाऊण झाली. प्रत्येक आकडा यमुनाबाईंनी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर त्या त्या तारखेखाली बारीक, सुवाच्य अक्षरात टिपून ठेवला. आषाढी पौर्णिमेच्या सकाळी रिपोर्ट आला, त्यात १.१ होते. पुढे एच नाही, काही नाही. निर्मळ रकाना. त्या दिवशी विहारात खीर न्यायची होतीच. यमुनाबाईंनी दूध अर्धा लिटर जास्त घेतले.

अभयचा फोन आला, तेव्हा त्यांचा आवाज चढा होता. "इकडची काळजी सोड. सगळं जागेवर आणलं आहे मी."

"रिपोर्ट डॉक्टरांना पाठवतेस ना?"

"अभय, मी बघितलाय म्हटलं ना."

"बरं, आई," अभय म्हणाला.

चार दिवसांनी नाश्त्याच्या वेळी चैतालीने पोह्याचा घास तोंडाशी नेता नेता मान वर केली. "मम्मी, तुझं घड्याळ बंद पडलं की काय? हल्ली आवाजच येत नाही."

"खरंच की," कल्याणी म्हणाली आणि छातीवर हात ठेवून हसली.

"स्थिरावली असेल झडप आता," यमुनाबाई म्हणाल्या. "नव्या सुनेचा आवाजसुद्धा सहा महिन्यांत बसतो. खा गपचूप."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी आठच्या सुमाराला, कोथिंबीर आणायला खाली गेलेली कल्याणी वर आलीच नाही. चैताली पाहायला गेली, तर पहिल्या मजल्याच्या पायरीवर ती भिंतीला टेकून बसलेली. ओठ जांभळे. बोलायला गेली, तर श्वास शब्दाला पुरेना.

*

तातडीच्या विभागात पडद्याआड पलंगाभोवती चार माणसे होती, आणि यमुनाबाईंना "आजी, तुम्ही बाहेर थांबा" असे कोणी तरी म्हणाले. "मी आजी माझ्या नातीची," असे त्याला सुनावून त्या आतच उभ्या राहिल्या. डॉक्टर आगाशे आल्या. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, एका शब्दाच्या ठिकाणी दोन न वापरणाऱ्या बाई. त्यांनी कल्याणीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकत राहिल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला.

सिस्टरने कागद पुढे केला. "मॅडम, आयएनआर एक पूर्णांक एक."

यमुनाबाईंची मान नकळत ताठ झाली.

"एक पूर्णांक एक?" डॉक्टर ओरडल्याच. "कल्याणी, अडीचच्या खाली जाऊ द्यायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना मी? अडीच ते साडेतीन! कार्डावर लिहून दिलंय. एक पूर्णांक एक म्हणजे गोळी सुरूच नसल्यासारखं आहे. व्हॉल्व्हवर रक्त गोठतं अशाने. गोळ्या बंद केल्यास का?"

यमुनाबाईंनी ते शब्द ऐकले.  अडीच ते साडेतीन. म्हणजे दोन पूर्णांक नऊ बरोबर होते. अकरा जूनला सगळे बरोबर होते. त्या रकान्यातली मर्यादा धडधाकट माणसाची होती, कल्याणीची नव्हतीच. 

कल्याणीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिने डोळे फिरवून सासूकडे पाहिले. त्या नजरेत प्रश्न नव्हता. तिला समजले होते. छोट्या छोट्या होत गेलेल्या गोळ्यांमागे डॉक्टर नव्हत्या, हे तिला त्या एका क्षणात समजले होते. तिने मास्क किंचित बाजूला केला.

"माझ्याकडूनच... राहिल्या," ती म्हणाली. "तीन दिवस... विसरले."

यमुनाबाईंनी तोंड उघडले. उभ्या आयुष्यात समोर चाललेले खोटे त्यांनी एका मिनिटापेक्षा जास्त चालू दिले नव्हते. शब्द ओठांवर होते. ते बाहेर आले नाहीत. डॉक्टरांनी पलंग ढकलायला सांगितले, चाके वाजली, आणि ते खोटे बरोबर घेऊन सगळी माणसे निघून गेली.

बाहेरच्या बाकावर चैताली रडत होती. यमुनाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आत जाऊन सांगावे, असे त्यांनी तीनदा ठरवले. तिन्ही वेळा मनाने आडवाट काढली: आता सांगून काय उपयोग? गोळ्या कमी पडल्या एवढे डॉक्टरांना कळलेच आहे की. त्या कोणामुळे पडल्या, याने उपचार थोडाच बदलणार आहे? इतके लंगडे कारण त्यांनी कोणा भुसार व्यापाऱ्याकडून ऐकून घेतले नसते. स्वतःकडून त्या पाच तास ऐकत राहिल्या.

अडीच वाजता अभय आला. स्वारगेटला एसटीतून उतरून तो रिक्षाने थेट आला होता. डॉक्टर आगाशे यांनी दोघांना आपल्या खोलीत बोलावले आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. करड्या धुरकट चित्रात एक गोल कडी होती आणि आत दोन पाती. एक पाते उघडत होते, मिटत होते. दुसरे जिथल्या तिथे होते, बिजागरी गंजलेल्या दारासारखे.

"हे अडकलंय," डॉक्टर म्हणाल्या. "दोन कारणं असू शकतात. एक, रक्ताची ताजी गुठळी. ती औषधाने विरघळवता येते. दोन, झडपेच्या कडेने मांस वाढलेलं असणं. इतक्या लवकर ते सहसा वाढत नाही, पण वाढलं असेल तर औषधाचा काही उपयोग नाही. कल्याणी म्हणते, तीन दिवस गोळ्या चुकल्या. त्याआधीचा आकडा नीट असेल, तर तीन दिवसांत पातं असं जाम होणं मला पटत नाही. मग छाती परत उघडायला हवी. आजच."

"पाच महिन्यांत दुसऱ्यांदा?" अभयचा आवाज फुटला. "झेपेल तिला?"

"खोटं सांगणार नाही. धोका मोठा आहे." त्यांनी संमतीचा कागद पुढे सरकवला. "आणखी एक. जूनपासून आमच्या नंबरवर तुमचा एकही रिपोर्ट आलेला नाही. आकडे काय होते मधले?"

"ते सगळे ठीक होते. आईने स्वतः बघितलेत," अभय म्हणाला, आणि त्याने खिशातून पेन काढले.

त्या वाक्यात शंकेचा लवलेश नव्हता. मुलाच्या त्या निःशंक आवाजाचा यमुनाबाईंना जितका धक्का बसला, तितका त्या पडद्यावरच्या पात्याचाही बसला नव्हता. तो सही करणार होता. त्यांच्या शब्दावर विसंबून बायकोची छाती दुसऱ्यांदा चिरायला तो सही करणार होता.

"सही करू नकोस," त्या म्हणाल्या.

"आई?"

"डॉक्टर, लिहून घ्या. अकरा जून, दोन पूर्णांक नऊ. मी दीड गोळीची सव्वा केली. एकवीस जून, दोन पूर्णांक दोन, सव्वाची एक. एक जुलै, एक पूर्णांक सहा, एकाची पाऊण. दहा जुलै, एक पूर्णांक एक. तेव्हापासून पाऊणच चालू आहे. तिने एकही गोळी चुकवलेली नाही. मी हातावर ठेवलं, ते तिने गिळलं."

"कोणाच्या सांगण्यावरून?" डॉक्टरांनी विचारले.

"माझ्या. कागदावर मर्यादा छापली होती. मी आकडा मर्यादेत आणत होते."

"तुम्ही..." डॉक्टर आगाशे यांनी पेन खाली ठेवले.  "पाच आठवडे तुम्ही तो खाली आणत होतात? मुद्दाम?"

"मुद्दाम."

"अहो, सकाळी माझ्यासमोर उभ्या होतात तुम्ही! तेव्हा का नाही बोललात?"

याचे उत्तर यमुनाबाईंना ठाऊक होते, आणि ते उच्चारण्याची लाज त्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कधी वाटली नव्हती एवढी होती. "भ्याले," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी तोवर फोन उचलला होता. "सर्जनना थांबवा. पाच आठवड्यांपासून आकडा घसरत होता, बहुतेक ताजी गुठळीच आहे. आपण औषधाने विरघळवून बघू." मग अभयकडे वळून त्या भराभर बोलल्या: शिरेतून हळूहळू, चोवीस तास औषध द्यायचे, गुठळीचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला तर अर्धांगवायू होऊ शकतो, तरीही आज दुसऱ्यांदा छाती उघडण्यापेक्षा हा रस्ता बरा. दुसरा कागद आला. अभयने त्यावर सही केली. अक्षर त्याचे वाटत नव्हते.

बाहेर आल्यावर तो थांबला. "मी विचारलं होतं तुला. पाठवतेस ना, म्हणून."

"विचारलं होतंस."

"आणि तू—"

"हो."

त्याला ओरडायचे होते. आईवर ओरडतात कसे, हे मात्र त्याला कोणी शिकवले नव्हते. तो वळला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. आपला मुलगा पाठीकडून कसा दिसतो, ते यमुनाबाईंना त्या दिवशी कळले. खांदे बाबुरावांसारखे होते. ते हलत होते.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता डॉक्टर आगाशे यांनी पुन्हा पडदा वळवला. दोन्ही पाती हलत होती. दुसरे जरा आळसावल्यासारखे, पण हलत होते. "निभावलं," एवढेच त्या म्हणाल्या. यमुनाबाईंकडे त्यांनी पाहिले नाही, आणि यमुनाबाईंना ते रास्त वाटले.

भेटायला एकेकालाच सोडत होते. अभय आणि चैताली जाऊन आले, मग यमुनाबाई गेल्या. कल्याणीच्या ओठांना रंग आला होता. दोन्ही हातांना सुया, आणि डोळे खोल गेलेले.

"आई, तुम्ही कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. "मी सांभाळून घेतलं होतं."

"सांभाळून?" यमुनाबाईंचा आवाज नको इतका वर गेला. "छाती फाडून घेणार होतीस तू! माझ्या अब्रूसाठी?"

"एवढं होईल असं वाटलं नव्हतं हो. गोळी कमी पडली एवढं डॉक्टरांना कळलं, पुरे झालं, असं वाटलं. अभय यायचे होते. तुमचं चुकलेलं त्यांनी कधी बघितलेलं नाही." तिने श्वास घेतला. "मीही नाही."

"पण गोळ्या लहान होत होत्या. तुला काहीच वाटलं नाही?"

"पाऊण झाली तेव्हा वाटलं होतं."

"वाटलं होतं?" यमुनाबाईंनी पलंगाची दांडी धरली. "तुला कार्ड माहीत होतं, आकडा माहीत होता, शंका आली होती, आणि तरी तू रोज गिळत राहिलीस? विचारलं का नाहीस मला?"

"विचारलं होतं की, आई," कल्याणी अगदी हळू म्हणाली. "एकदा."

त्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती, तर यमुनाबाईंना तोंड देता आले असते. तक्रारींना उत्तरे देण्यात त्यांचा जन्म गेला होता. दंडावर काळानिळा डाग पाहून सुनेच्या जिवाची धास्ती घेतलेल्या त्या बाईला आता उमगत होते, की ही मुलगी मरणाला भ्याली नव्हती एवढी आपल्याला दुसऱ्यांदा विचारायला भ्याली होती. ती सून होऊन आल्यापासून एकोणीस वर्षे त्यांनी असे घर चालवले होते, आणि त्याला शिस्त म्हटले होते.

सुया टोचलेला कल्याणीचा हात चादरीवरून पुढे सरकला आणि दांडीवरच्या त्यांच्या बोटांशी येऊन थांबला.

"आई," तिने भीत भीत विचारले, "रागावलात का?"